रात्रीचा रस्ता आणि सर्पशोधाचे वाङ्मय

रात्री सापाचे नाव घेऊ नये, फारच झाले तर 'जनावर' म्हणावे, आणि कोणाला दंश झाला तर 'पान लागले' एवढेच बोलावे, हा संकेत कोकणात, गोमंतकात आणि घाटावरही आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पाळलेला आहे. ज्याचे नाव घ्यावे तो दारात उभा राहतो, ही त्यामागची समजूत. अमेरिकेच्या वाळवंटी मुलखात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही विद्वान, आणि त्यांच्या मागोमाग असंख्य हौशी माणसे, नेमक्या रात्रीच्याच वेळी मोटारीत बसून, सापाचेच नाव घेत शेकडो मैल हिंडली. आणि तो खरोखरच समोर आला. या हिंडण्यातून तेथे एक लहानसे परंतु लक्षणीय वाङ्मय निर्माण झाले. त्यातील दोन लेखकांचा, लॉरेन्स क्लॉबर आणि कार्ल कॉफेल्ड यांचा, येथे परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही प्राणिशास्त्राचे अभ्यासक नव्हे. कायद्याच्या पेशात आयुष्य घालविणाऱ्याला एक खोड जडते. कोणतेही विधान समोर आले की ते कोणी पाहिले, किती अंतरावरून, कोणत्या उजेडात, आणि पाहणारा त्या वेळी तेथे कशासाठी गेला होता, हे विचारल्याविना त्याचे समाधान होत नाही. त्या खोडीपायीच आम्ही या पुस्तकांकडे वळलो. वाचता वाचता मात्र एक निराळाच प्रश्न समोर ठाकला, आणि आमच्या मते या वाङ्मयाचे मोल त्या प्रश्नावर ठरते. दुर्मिळ जिवाचे ठिकाण छापून जाहीर करण्याचा लेखकाला अधिकार किती?

प्रथम ही पद्धती समजून घेतली पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात आणि ॲरिझोनात उन्हाळ्याचा दिवस इतका तापतो की साप बिळांत, खडकांच्या भेगांत, वाळूखाली दडी मारून असतात. दिवसा काठी घेऊन पायी फिरणाऱ्या जुन्या निसर्गाभ्यासकाला त्यामुळे फार थोडे साप दिसत. रात्री पायी फिरावे तर कंदिलाच्या वर्तुळाबाहेर सगळा अंधार. मोटार आली, वाळवंटातून डांबरी सडका गेल्या, आणि हे सारे पालटले. सूर्य मावळल्यावर ताशी वीस-पंचवीस मैलांच्या मंद गतीने मोटार हाकावयाची, पुढच्या दिव्यांच्या उजेडात सडकेचा पट्टा नजरेखाली ठेवावयाचा, आणि त्या सपाट काळ्या पट्ट्यावर एखादी रेघ दिसली की थांबून खाली उतरावयाचे. मावळतीनंतरचे दोन-तीन तास सर्वांत फलदायी. वारा नसावा, हवा उबदार असावी, आणि जाणते लोक कृष्णपक्ष पसंत करतात. ॲरिझोनात जुलै ते सप्टेंबर हा वळिवाचा काळ उत्तम. तेथील लोकही त्या पावसाला 'मॉन्सून' असेच म्हणतात, हे आमच्या वाचकांना वाचून गंमत वाटेल.

साप सडकेवर का येतो, याचे सर्वतोमुखी असलेले उत्तर असे की डांबर दिवसभराचे ऊन साठवून ठेवते आणि थंड रक्ताचा हा प्राणी ऊब घेण्यासाठी तेथे पसरतो. यात तथ्य नाही असे नाही. परंतु आम्हांला दुसरे एक साधे कारण अधिक पटते. साप रात्रभर रानात इकडून तिकडे जातच असतो. झुडपांतून गेला तर कोणाला दिसत नाही, सडक ओलांडताना तेवढा दिसतो. सडक त्याला बोलावते त्यापेक्षा अधिक ती त्याला दाखविते. हा भेद किरकोळ नाही. पुढे पुराव्याची तपासणी करताना तो उपयोगी पडेल.

या शोधकांची एक नित्याची तक्रार आमच्याकडील वेदान्त्यांना ऐकवावीशी वाटते. सडकेवर पडलेला दोर, फाटलेल्या टायरची पट्टी, मोटारीतून गळून पडलेला पट्टा, वाळलेली फांदी, या प्रत्येकासाठी त्यांना थांबावे लागते. आचार्यांनी रज्जूवर सर्पाचा भास हा भ्रमाचा नमुना म्हणून दिला. येथे मात्र त्या भ्रमाला कोणी हसत नाही, कारण उलटा भ्रम फार महाग पडतो. जो सर्पाला रज्जू समजून पुढे जातो त्याच्या चाकाखाली तो सर्प सापडतो.

लॉरेन्स क्लॉबर यांचा जन्म १८८३ चा. ते शिक्षणाने आणि व्यवसायाने विद्युत-अभियंते. सॅन डिएगो येथील गॅस व वीज पुरविणाऱ्या कंपनीत त्यांनी नोकरी केली आणि पुढे तिच्या अध्यक्षपदापर्यंत ते पोहोचले. तेथील प्राणिसंग्रहालयाला साप ओळखणारा माणूस हवा होता, त्या निमित्ताने चाळिशीच्या उंबरठ्यावर ते या विषयात शिरले. त्या वयात इतरांच्या नाकावर चाळिशी चढते, यांच्या मानगुटीवर साप बसले! १९६८ मध्ये ते निवर्तले तोवर त्यांनी पस्तीस हजारांवर नमुने जमविले होते. हे सारे काम फावल्या वेळातले आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे आपल्याकडील फावल्या वेळाविषयी काय बोलावे ते सुचत नाही.

१९३९ मध्ये त्यांनी सॅन डिएगोच्या प्राणिशास्त्र-संस्थेच्या पत्रिकेत वाळवंटातील रात्रीच्या संग्रहाविषयी एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. रात्री सडकेवरून साप शोधण्याच्या पद्धतीला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने त्यांच्या या कामामुळे. निबंधाची भाषा कोरडी आहे. चांदणे, वाळूचा वास, कोयोटांची हाक, यांपैकी काही हाती लागेल या आशेने जो वाचक तो उघडील त्याची निराशा होईल. त्यात आहेत ती कोष्टके. कोणत्या महिन्यात कोणती जात किती, कोणत्या वेळी, केवढ्या उष्णतेत. वीजमंडळाचा हिशेबनीस जसे एकक मोजतो तसे हा माणूस साप मोजतो. वाङ्मयाचा रसिक येथे नाक मुरडील. आम्ही मुरडणार नाही. ज्या विषयात आजवर प्रत्येकाने 'आमच्या पाहण्यात असे आले' एवढ्यावर भागविले, त्या विषयात 'किती वेळा पाहिले आणि त्यांपैकी किती वेळा आले' असे विचारणे ही एक नैतिक सुधारणाच आहे.

त्या मोजणीतून काय निष्पन्न झाले ते एका उदाहरणावरून दिसेल. नाकावर पानासारखे रुंद खवले असलेला एक लहानसा वाळवंटी साप आहे. संग्रहालयांत त्याचे मोजके नमुने होते आणि तो अतिदुर्मिळ समजला जात असे. रात्रीच्या सडकेवर क्लॉबर यांना तो वारंवार भेटू लागला, आणि बोरेगोसारख्या वाळवंटी खोऱ्यांत तो चांगलाच विपुल आहे असे सिद्ध झाले. दुर्मिळता त्या सापाची नव्हती, पाहणाऱ्याच्या वेळापत्रकाची होती. हाच प्रकार पुढे टेक्सासच्या पश्चिम भागातील करड्या पट्ट्यांच्या राजसर्पाविषयी घडला. त्याचे शास्त्रीय वर्णन १९०१ मध्ये झाले, त्यानंतर कित्येक दशके त्याचे नमुने फारच थोडे मिळाले, आणि मग शोधक रात्रीच्या वेळी डोंगर फोडून नेलेल्या सडकांवरून हिंडू लागताच तो तेथे राहतच होता असे आढळले. 'अमुक गोष्ट आमच्या भागात नाहीच' असे ठासून सांगणाऱ्या साक्षीदाराला आम्ही उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच विचारतो: आपण तेथे कोणत्या वेळी गेला होता?

क्लॉबर यांचा मोठा ग्रंथ खुळखुळ्या सापांविषयीचा. १९५६ मध्ये तो दोन खंडांत निघाला आणि त्याची पाने सुमारे दीड हजार आहेत. येथे त्यांची भाषा सैल होते, विनोदाला वाव मिळतो. सापांविषयीच्या लोकसमजुतींचा त्यांनी केलेला संग्रह आणि त्यांची चिकित्सा हा या ग्रंथाचा सर्वांत वाचनीय भाग. रानात झोपताना अंथरुणाभोवती केसांचा दोर वेढून ठेवला तर साप आत येत नाही, अशी तेथील गुराख्यांची श्रद्धा होती. क्लॉबर ती हसून उडवून लावीत नाहीत, आणि मान्यही करीत नाहीत, तर ती कोठून आली आणि परीक्षेत उतरते का हे पाहतात. (उतरत नाही.) अंधश्रद्धेवर लिहिताना आमच्याकडील सुधारक एकदम आवाज चढवितात, त्यांनी ही पाने अवश्य वाचावीत.

आता या पुराव्याची दुसरी बाजू. सडकेवर जो आला त्याचीच नोंद झाली, जो आला नाही त्याचे काय? २००५ मध्ये अँड्र्यूज आणि गिबन्स या अभ्यासकांनी दक्षिण कॅरोलायनातील सापांवर प्रयोग करून दाखविले की सर्व जाती सडकेशी सारख्या वागत नाहीत. काही लहान साप सडकेच्या कडेपर्यंत येऊन मागे फिरतात. विषारी जाती इतरांहून सावकाश सडक ओलांडतात, आणि वेतवनातला खुळखुळ्या साप मोटार शेजारून गेली की जागच्या जागी थिजतो. म्हणजे सडक हा सत्यवचनी परंतु एकांगी साक्षीदार आहे. जे तो सांगतो ते खरे, परंतु जे तो सांगत नाही ते खोटे असे मात्र धरता येत नाही. 'सडक साप दाखविते' असे आम्ही वर म्हटले त्याला हा मोठा अपवाद जोडला पाहिजे.

आणि हा साक्षीदार स्वतः आरोपीही आहे. मेक्सिकोच्या सीमेला लागून ॲरिझोनात ऑर्गन पाइप कॅक्टस नावाचे संरक्षित वाळवंट आहे. १९३७ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले, आणि त्यातून पंच्याऐंशी क्रमांकाचा मार्ग जातो. जवळच्या गावाचे नाव उच्चारात थेट आपल्या 'अहो'सारखे. कोणी हाक मारल्यासारखे वाटते. १९८८ ते १९९१ या चार वर्षांत रोझेन आणि लो यांनी या मार्गावर क्लॉबर यांच्याच पद्धतीने हजारो किलोमीटर मोटार हाकून सापांची गणती केली. सापडलेल्या सापांत मेलेल्यांची संख्या जिवंतांच्या दुपटीहून अधिक भरली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की रान संरक्षित होते, शिकारीला तेथे बंदी होती, आणि तरीही त्या रानाच्या पोटातून जाणारी एक रेघ रोज रात्री आपला वाटा घेत होती. मोटारीमुळे साप कळले. मोटारीमुळेच ते मेले, आणि किती मेले हेही मोटारीतूनच मोजले गेले.

यातले सारेच मरण अनवधानाचे नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात एका रस्त्यावर संशोधकांनी सापाच्या आणि कासवाच्या प्रतिकृती ठेवून पाहिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे २.७ टक्के वाहनचालक मुद्दाम वाट वाकडी करून त्यांवर चाक घालतात असे आढळले. शंभरांत जेमतेम तिघे. आकडा लहान वाटतो, परंतु शंभर मोटारी जावयास रात्रीचा कितीसा वेळ लागतो? आदिपर्वातला रुरू पत्नीला सर्पदंश झाल्यावर हातात दंड घेऊन दिसेल त्या सापाला मारीत सुटला, आणि बिनविषारी डुंडुभाने त्याला अडवून विचारले की मी तुझे काय केले? रुरूला निदान दुःख तरी झाले होते.

कार्ल कॉफेल्ड यांच्याकडे वळले म्हणजे हवा एकदम बदलते. ते न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचे प्रमुख होते, आणि संयुक्त संस्थानांतील खुळखुळ्या सापांची प्रत्येक जात आपल्या काचघरांत असावी हा त्यांचा ध्यास होता. १९५७ चे त्यांचे पुस्तक साप आणि सापांचा शोध याविषयीचे. १९६९ चे दुसरे पुस्तक पाळणारा आणि पाळलेला यांच्या नात्यावर. क्लॉबर मोजतात, कॉफेल्ड प्रवासाला घेऊन जातात. सामान बांधणे, वाटेतली खानावळ, पाऊस येईल की नाही याची चिंता, आणि मग तो क्षण, हे सारे ते मनापासून सांगतात. सापाविषयी भीती नव्हे, कुतूहलही नव्हे, तर सरळ सरळ प्रीती व्यक्त करणारे गद्य म्हणून ही पुस्तके वाचली पाहिजेत. वाङ्मयगुणांच्या तराजूत कॉफेल्ड यांचे पारडे जड आहे, याविषयी आम्हांला संशय नाही.

परंतु प्रीतीला गुपित राखता येत नाही. दक्षिण कॅरोलायनाच्या जॅस्पर परगण्यात ओकीटी नावाचा एक खाजगी शिकारी मंडळाचा मुलूख आहे. तेथला लाल-नारिंगी साप, ज्याच्या पाठीवरच्या प्रत्येक ठिपक्याला काळी किनार असते, तो कॉफेल्ड यांना विशेष प्रिय. तेथे रात्रीच्या सडकेइतकेच दिवसा पडक्या वस्तीतले पत्रे आणि फळ्या उलटून पाहण्यालाही महत्त्व. कॉफेल्ड यांनी या स्थळाचे नाव घेतले, वर्णन केले, आणि असे केले की वाचणाऱ्या तरुणाच्या पायांत भिंगरी बसावी. पुढच्या पिढीतील कितीतरी सर्पवेड्यांनी हे पुस्तक वाचून ओकीटीची वाट धरली, जसा एखादा वारकरी माहात्म्य वाचून क्षेत्राची धरतो. आज पाळीव सापांच्या बाजारात 'ओकीटी' हे एका रंगरूपाचे नाव आहे. अनेक पिढ्या पेट्यांत जन्मलेले साप त्या नावाने विकले जातात.

येथे क्लॉबर आणि कॉफेल्ड यांची तुलना न्यायाने केली पाहिजे. पस्तीस हजार नमुने जमविणारा निर्दोष आणि काही साप जिवंत नेऊन काचेत जपणारा दोषी, असा निवाडा कोणी देऊ म्हणेल तर तो टिकणार नाही. स्वतःच्या हाताने क्लॉबर यांनी नेले ते अधिकच. फरक त्यांच्या हातांचा नाही, त्यांच्या वाक्यांचा आहे. क्लॉबर यांचे कोष्टक वाचून कोणाला मोटार बाहेर काढावीशी वाटत नाही. कॉफेल्ड यांचे प्रकरण वाचून वाटते. कोष्टकाने ज्ञान वाढते, वर्णनाने गर्दी. आम्ही हे खेदाने लिहितो, कारण वर्णन करणाराच अधिक चांगला लेखक आहे.

कॉफेल्ड यांच्या काळात एक पुस्तक वाचून माणूस शेकडो मैल जाई. पुढे काय झाले ते पाहा. चीनच्या दक्षिणेकडील एका गुहावासी पालीचे शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. रिवाजाप्रमाणे त्यात ती कोठे सापडली हे नमूद होते. व्यापाऱ्यांनी तो शोधनिबंध वाचला, आणि काही वर्षांतच मूळ स्थळावरून ती पाल नाहीशी झाली. २००६ मध्ये चार शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात पत्र लिहून हा इशारा दिला की नव्या जातीचे वर्णन हीच तिच्या नाशाची पहिली पायरी ठरू शकते. आता उत्साहाने लिहिलेले प्रकरणही नको. कोरड्या निबंधातली एक ओळ पुरते. म्हणजे कोष्टक निरुपद्रवी, हे जे आम्ही आताच म्हटले, ते क्लॉबर यांच्या काळापुरतेच खरे समजावे.

मग ठिकाण लपवावे काय? कित्येक अभ्यासक आज तसेच म्हणतात. आमचे मन तेथे सहज वळत नाही. क्लॉबर यांनी जागा, वेळ आणि संख्या नेमकेपणाने नोंदविल्या म्हणूनच आज त्याच सडकांवर जाऊन तेव्हा काय होते आणि आता काय उरले आहे हे विचारता येते. जागा पुसून टाकली तर पन्नास वर्षांनी कोणी म्हणेल की येथे साप कधी नव्हतेच, आणि सडक रुंद करणाऱ्या ठेकेदाराला याहून सोयीचे दुसरे काय हवे? पुरावा गुप्त ठेवणे आणि पुरावा नष्ट करणे यांत कायदा भेद करतो. येथेही तो केला पाहिजे. संग्रहालयाच्या नोंदवहीत मैलाचा दगड लिहिलेला असावा, आणि ज्याला कारण आहे त्याने अर्ज करून तो पाहावा. छापील पुस्तकात परगणा पुरे. न्यायालयातही काही साक्षी बंद दाराआड होतात, म्हणून निकाल अंधारात लागला असे कोणी म्हणत नाही.

कायद्याने या विषयात काय केले हे पाहणे आमच्यासारख्याला मनोरंजक वाटते. बेकायदा पकडलेला वन्यप्राणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर अमेरिकेने १९०० मध्येच लेसी कायद्याने बंदी घातली. टेक्सासने २००७ मध्ये सार्वजनिक रस्त्यावरून शिकार करण्यास मनाई केली, तिच्या कक्षेत साप शोधणारेही आले. त्यांनी ओरड केली, आणि २०११ मध्ये परवान्यासोबत एक शुल्काचा शिक्का घ्यावा, अंगावर दिव्यात चमकणारे वस्त्र असावे, आणि पकडणे डांबरावर नव्हे तर रस्त्याच्या कडेला व्हावे, अशा अटींवर वाट मोकळी झाली. इलिनॉय राज्यातील शॉनी वनात त्याहून सुंदर तोडगा आहे. तेथे चुनखडीच्या कड्यांतून खालच्या दलदलीकडे साप वसंतात उतरतात आणि शरदात परततात. मधल्या अडीच मैलांच्या रस्त्यावर १९७२ पासून या दोन्ही हंगामांत वाहनांना बंदी असते. माणसांनी पायी जावे, पाहावे, हात लावू नये.

आमच्याकडील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाची भाषा तर अधिकच मार्मिक आहे. 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत मारणे आणि पकडणे यांबरोबरच 'ड्रायव्हिंग' हा शब्द येतो. त्याचा अर्थ मोटार चालविणे नव्हे, हाका घालून जनावर पिटाळणे असा आहे. तथापि घाटातल्या सडकेवर रात्री जे चालते ते पाहिल्यावर कायदेकारांच्या लेखणीतून एक भविष्यवाणी निसटली असे वाटते. त्याच व्याख्येत अशा कृत्यांचा प्रत्येक प्रयत्नही समाविष्ट आहे. म्हणजे क्लॉबर किंवा कॉफेल्ड यांनी जे केले ते आपल्याकडे परवानगीवाचून केले तर तो गुन्हा ठरेल. नुसते पाहणे गुन्हा नाही. परंतु नुसते पाहणाराही मोटारीतूनच येतो.

आंबोलीला, चोर्ल्याच्या घाटात, पावसाळी रात्री बॅटऱ्या घेऊन बेडूक आणि चापडा पाहावयास जाणाऱ्यांची आता मोठी वर्दळ असते. बेळगावहून गोव्याला जाणारा तोच रस्ता, तीच अवजड वाहने, आणि झाडावरून उतरून ओल्या डांबरावर आलेला तो सुस्त चापडा. येथे एक कॉफेल्ड निपजला तर वाङ्मयाचा लाभ होईल; घाटाचा होईल की नाही हा प्रश्नच आहे. एक क्लॉबर निपजावा असे आम्हांला वाटते, आणि तो वीजमंडळातला किंवा न्यायकचेरीतला फावल्या वेळाचा माणूस असला तरी चालेल. मराठीत नाग, घोणस, फुरसे, मण्यार यांवर माहितीपर लेखन झाले आहे, सर्पदंशावर झाले आहे, नागपंचमीवर तर विपुल झाले आहे. कोणत्या सडकेवर, कोणत्या महिन्यात, किती जिवंत आणि किती मेलेले, असे वर्षानुवर्षे मोजलेले पुस्तक मराठीत आमच्या पाहण्यात नाही. बंदीपूरच्या व्याघ्रवनातून जाणाऱ्या महामार्गांवर २००९ पासून रात्री नऊ ते पहाटे सहा वाहतूक बंद ठेवण्यात आली आणि कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती बंदी उचलून धरली, तेव्हा वादाच्या मुळाशी रात्री वाहनांखाली सापडणारे वन्यप्राणी होते. वाघ आणि हत्ती यांच्यासाठी वकील मिळतात. सापाचा वकील व्हावयाचे तर त्याच्या बाजूने कागद लागतात, आणि ते कागद कोणीतरी पावसात भिजत, गाडीतून शंभरदा खाली उतरून, लिहून ठेवलेले असावे लागतात.

ज्यांना मूळ ग्रंथ पाहावयाचे असतील त्यांच्यासाठी एक सूचना. क्लॉबर यांचे दोन्ही खंड संदर्भासाठी ठीक. सामान्य वाचकाने १९८२ मध्ये निघालेली त्यांची संक्षिप्त आवृत्ती घ्यावी, तिच्यात कोष्टकांचा भार कमी आहे. लोकसमजुतींवरील भाग आधी वाचावा, दंश आणि उपचार यांवरील मजकूर मात्र इतिहास म्हणूनच वाचावा, कारण वैद्यक त्यानंतर फार पुढे गेले आहे. कॉफेल्ड यांच्या दोन पुस्तकांपैकी १९५७ चे अधिक ताजे, आणि त्यातही ओकीटीविषयीचा भाग उत्कृष्ट आहे.